बकुळाच्या वहीतली माणसं

बकुळाची वही गुरुवारी सकाळी हरवली, आणि सोमवारी तिची परीक्षा होती.

वरळीच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भिवाची ही एकुलती एक मुलगी. भिवा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. बकुळा फोर्टातल्या सकाळच्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी घेऊन बसली होती, आणि मजल्यावरच्या वीस खोल्यांत कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. सत्तावन्न सालचा तो हिवाळा. अभ्यासाला साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक होतं. नाटक समजायचं तर आधी त्याची भाषा कशी वळणं घेते ते कळलं पाहिजे, असं म्हणून सरांनी फळ्यावर बोलण्याच्या प्रकारांचे चोवीस शब्द लिहून दिले होते. सोमवारच्या चाचणीत जो नापास होईल त्याचा युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला जाणार नाही, हेही त्यांनी त्याच फळ्यावर लिहिलं होतं.

हायपरबोली, आयरनी, ऑक्झिमोरॉन. बकुळाने आठवडाभर घोकून पाहिलं. पुस्तकासमोर बसलं की शब्द यायचे, भाकऱ्या थापायला बसलं की जायचे. शेवटी तिने एक युक्ती काढली. चाळीतली माणसं कशी बोलतात ते कान देऊन ऐकायचं, आणि जो प्रकार ज्याच्या बोलण्यात सापडेल तो त्या माणसाच्या नावापुढे लिहायचा. शब्द इंग्रजीत, नाव मराठीत. कुठे ऐकलं आणि केव्हा, तेही शेजारी. चार दिवसांत तिची वही भरत आली आणि शब्द डोक्यात पक्के बसले.

त्या गुरुवारी तिने वही नळाशेजारच्या कट्ट्यावर ठेवली, हंडा भरला, हंडा उचलला आणि कॉलेजला उशीर होतोय म्हणून तशीच पळाली.

वही सापडली त्याच मजल्यावरच्या कमलाबाईंना. कमलाबाईंना अक्षरओळख बेताची, पण रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव त्या कुठेही ओळखत. ते नाव वहीत बघून त्या वही घेऊन थेट सीतारामकाकांच्या दारात गेल्या. सीतारामकाका म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीचं चाळीतलं सगळं काम पाहणारे गृहस्थ. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'कमलाबाई. रोज सकाळी, नळावर.' फुडं इंग्लिशमध्ये कायतरी हाय. 'तात्या. रोज सकाळी, रांगेत, हळू आवाजात.' फुडं इंग्लिश. 'बुधाजी. रविवारी, मोर्च्याच्या वेळी.'"

मोर्चा हा शब्द आला आणि दारात जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागच्याच मोर्च्यात चाळीतल्या दोघांना पोलीस घेऊन गेले होते.

"सीआयडी!" सीतारामकाका म्हणाले. "आणि हे बगा, मीपण हाय! 'सीताराम. शनिवारी, सभेत.'"

अकरा वाजता बकुळा परत आली तेव्हा पॅसेजमधली दारं एकापाठोपाठ एक लागत गेली. शेजारची चंपा तेवढी दारात उभी राहिली. तिनेच सगळं सांगितलं. पोलिसांनीच बकुळाला कॉलेजात घातलंय, असं सकाळी नऊला ठरलं होतं. दहाला ती कॉलेजात जातच नाही, पोलीसकचेरीत जाते, असं ठरलं. आता कमलाबाई सांगत होत्या की तिला सोडायला शंभर शिपाई येतात.

"चंपे, शंभर शिपाई आले असते तर तुला दिसले नसते का?"

"मी पण तेच म्हटलं गं. तर म्हणाल्या, साध्या कपड्यांत येतात."

बकुळा सीतारामकाकांकडे गेली. "काका, माझी वही."

"मिळंल. रविवारी समितीच्या बैठकीत वाचू, शिकलेल्या पुढाऱ्यांकडून इंग्लिश समजून घेऊ, मग मिळंल."

"सोमवारी परीक्षा आहे हो काका!"

"परीक्षा आता आमची हाय, पोरी."

पहिली पाळी सुटून भिवा चार वाजता घरी आला. पाय धुता धुता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काय लिवलंयस वहीत?"

"लोकांची बोलणी, बाबा. अभ्यासाची."

"वाईट लिवलंयस?"

बकुळाने विचार केला. "खरं लिहिलंय."

"मग पंचाईत हाय," भिवा म्हणाला. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो सीतारामकाकांकडे गेला. "सीताराम, रविवार कशाला? आत्ताच पॅसेजात बसव सगळ्यांना. माझी पोर एकेका शब्दाचा अर्थ सांगंल. त्यात काळंबेरं निघालं तर मीच खोली सोडतो."

सहा वाजता पॅसेजात सगळा मजला जमला. दिव्याखाली सीतारामकाका वही धरून बसले. बकुळा पदर खोचून भिंतीशी उभी राहिली.

"कमलाबाई!" काकांनी पुकारा केला.

"हायपरबोली," बकुळा म्हणाली. "म्हणजे वाढवून बोलणं. मावशी नळावर म्हणतात ना, रांगेत उभी राहून माझ्या पायांना मुळं फुटली, ते."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"खोटं नाही मावशी. मुळं फुटली म्हणालात म्हणून कुणी तुमचे पाय बघायला येत नाही. पण किती वेळ उभ्या होतात ते बरोबर कळतं. आमच्या नाटकातला राजासुद्धा असंच बोलतो."

"राजा?"

"राजाच."

कमलाबाईंनी पदर सारखा केला. "मग बरोबर लिवलंय पोरीनं. फुडचा घ्या."

पुढचे तात्या. पोस्टातून रिटायर झालेला अबोल माणूस. "याला म्हणतात असाइड," बकुळा म्हणाली. "नाटकातलं पात्र मनातलं बोलतं. आपल्याला ते ऐकू येतं, पण शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ऐकू येत नाही, असं धरायचं."

"तात्या काय बोलतात मनातलं?" कमलाबाईंनी विचारलं.

बकुळा घुटमळली, पण एकेका शब्दाचा अर्थ सांगायचं कबूल झालं होतं. "'ही आली, आता दुसऱ्याला नळ नाही,'" तिने सांगितलं.

पॅसेज हसला. तात्यांनी मान खाली घातली.

"मला समदं ऐकू यायचं हो!" कमलाबाई ओरडल्या. "मीच आपली धरून चालले होते!"

मग बुधाजी आला. दर मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे उभं राहून तो सांगायचा, 'सगळ्यांनी शांतपणे बोंबला!' दोन उलटे शब्द एकमेकांना जोडले की ऑक्झिमोरॉन होतो, असं बकुळाने सांगितलं. बुधाजीला त्यात उलटं काहीच दिसेना. "शिस्त नको व्हय?" तो म्हणाला. एव्हाना लोक मांडी घालून ऐकत होते आणि स्वतःच उदाहरणं देत होते. चंपा तर रुसली. "माझं एवढ्या वर्षांचं बोलणं, आणि एक शब्द नाही?"

सीतारामकाकांचाही चेहरा सैल झाला. आपलं नाव त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "आता माझं बग. शनिवारी, सभेत. म्हंजे पोवाडाच असणार. आणि बाकीच्यांना एकेक शब्द, मला दोन हायत!"

पॅसेजातली माणसं खाली बघू लागली. काकांचा स्वरचित पोवाडा बेचाळीस कडव्यांचा होता. गेलं वर्षभर ते दर शनिवारच्या सभेत तो म्हणत आणि सातव्या कडव्यापासून लोक टाळ्या वाजवत. त्या टाळ्यांनी काकांना आणखी चेव येई.

"ड्रामॅटिक आयरनी," बकुळा हळूच म्हणाली. "म्हणजे काका... प्रेक्षकांना सगळं ठाऊक असतं. फक्त त्या पात्राला ठाऊक नसतं."

"कुठल्या पात्राला?"

"ज्याचं नाव लिहिलंय त्याला."

"काय ठाऊक नसतं?"

बकुळाने भिवाकडे पाहिलं, भिवाने टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात तात्या सवयीने स्वतःशीच पुटपुटले, "टाळ्या थांबावं म्हणून असतात."

या वेळी ऐकू आलं नाही असं धरायला कुणीच तयार नव्हतं.

काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "एकूणएक?"

"एकूणएक," कमलाबाई म्हणाल्या. त्यात त्यांनी काहीही वाढवलं नव्हतं.

काकांनी वही मिटली, बकुळाच्या हातात दिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सीआयडीचा विषय तिथेच मिटला, पण आनंद कुणालाच झाला नाही.

त्या शनिवारच्या सभेत काकांनी मोजून चार सूचना वाचल्या आणि ते घरी गेले. पोवाडा नाही. लोक थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग उगाचच एकेक करून उठले.

सोमवारी बकुळाने पेपर लिहिला. उदाहरणं नाटकातलीच द्यायची होती, पण राजाचं प्रत्येक वाक्य तिला कमलाबाईंच्या आवाजात ऐकू येत होतं. एका ठिकाणी राजा चक्क नळावर जाऊन उभा राहिला. तिने तो खोडला आणि सिंहासनावर बसवला. गुरुवारी गुण लागले. चोवीसपैकी बावीस. फॉर्म भरला गेला. भिवाने गिरणीतून येताना पेढे आणले, आणि पहिला पेढा घेऊन बकुळा सीतारामकाकांकडे निघाली.

दार काकांच्या बायकोने, आनंदीबाईंनी उघडलं. "जा, बोल त्यांच्याशी. आठ दिवस धड जेवले नाहीत."

काका खिडकीशी बसले होते. "आता काय लिवायचं ऱ्हायलंय?"

"काका, पोवाडा द्या."

त्यांनी उशीखालून कागद काढून दिले. बकुळाने बेचाळीसच्या बेचाळीस कडवी वाचली. "यातली चार फार चांगली आहेत."

"बेचाळिसातली चार?"

"गिरणीच्या भोंग्याची आहेत ती. बाकीच्यांत तुम्ही तेच तेच सांगता. तेच सांगायचं तर एकच ओळ ठेवा, प्रत्येक कडव्याच्या शेवटी. आणि काका, लोकांना सांगू नका, विचारा. उत्तर त्यांना ठाऊक असेल असंच विचारा."

"ठाऊक असंल तर इचारायचं कशाला?"

"त्यालाही इंग्रजीत एक शब्द आहे."

"तो सांगू नगंस," काका म्हणाले. पण त्यांनी पेढा घेतला.

शनिवारी संध्याकाळी पटांगणात सभा भरली. काका चार कडव्यांचा एकच कागद घेऊन उभे राहिले. पहिलं कडवं संपलं आणि त्यांनी विचारलं, "भोंगा होता उठतो कोण? मुंबई सारी विणतो कोण?" दोघातिघांनी उत्तर दिलं, "आम्ही!" दुसऱ्या कडव्याला अर्धं पटांगण बोललं. तिसऱ्याला शेजारच्या चाळींच्या खिडक्यांतूनही "आम्ही!" आलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कंदील हलले.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते खाली बसले.

"अवो, म्हणा की फुडचं!" बुधाजी ओरडला.

"टाळ्या वाजवल्यात न्हवं? थांबलो."

"ह्या त्या टाळ्या न्हवंत!"

"ते मला कसं कळावं?" काकांनी गर्दीत बकुळाला शोधलं. ती भिवाशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ह्या खऱ्या आहेत."

काकांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. मग ते उठले. "असं करा. आवडलं असंल तर वाजवू नका. गप ऱ्हावा."

सगळे हात मांडीवर आले. कमलाबाईंनी तर आपले हात बुडाखाली दाबून धरले. काकांनी चौथं कडवं म्हटलं. शेवटची ओळ आली, प्रश्न आला, आणि त्यावर पटांगणातलं एकही माणूस हललं नाही. एरवी गजबजलेल्या त्या जागेत कंदिलांची फुरफुर तेवढी ऐकू येत होती.

सीतारामकाकांनी ती शांतता डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतली. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, घसा साफ केला, आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली.