बनसोड्यांची चौकट

बनसोड्यांच्या घराला भिंती नव्हत्या तेव्हा दार होतं, आणि भिंती झाल्या तेव्हा दार नव्हतं. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिलं आहे. मोजमापात माझी सहसा चूक होत नाही. पण या घरापायी मी दोन वर्षं गोंधळात होतो, आणि त्यातला थोडा गोंधळ अजूनही शिल्लक आहे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, टेबलं जुनी होती आणि माणसं कुठून कुठून बदलून आणलेली होती. मी नांदेडहून आलो, हेडक्लार्क म्हणून. बनसोडे रेणापूरकडच्या एका खेड्यातले. ते आवक-जावक सांभाळायचे. कानावर कायम पेन्सिल. रजिस्टरात शाईनं लिहायचं असतं, पण बनसोडे दिवसभर पेन्सिलीनं लिहीत आणि संध्याकाळी तेच शाईनं गिरवीत. मी पहिल्याच आठवड्यात हटकलं. म्हणाले, "दिवसा कच्चं धरा, साहेब. दिवस मावळला की पक्कं करतो."

हे "कच्चं धरा" त्यांच्या तोंडी सारखं असायचं. चहाला येणार का? "येतो. कच्चं धरा." थोरल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले, तारीख सांगितली आणि सवयीनं म्हणाले, "कच्चं धरा." कचेरीतले निम्मे लोक लग्नाला गेलेच नाहीत. धाकट्या मुलाच्या शाळेच्या अर्जावरही त्यांनी नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगत नाही.

कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत आम्हा दोघांना शेजारचे प्लॉट लागले. मधली भिंत सामायिक ठेवू, ही सूचना माझी. बत्तीस फूट लांबीची एक भिंत वाचली तर विटा वाचतात, आणि मुख्य म्हणजे पाणी वाचतं. आदल्या वर्षी पाऊस जेमतेम झाला होता आणि त्या वर्षी तेवढाही झाला नव्हता. बांधकामाला आधार एकच, सोसायटीची विहीर. मी गाठी मारलेली दोरी सोडून रोज सकाळी पाणी मोजायचो आणि वहीत लिहायचो. माझी सूचना मोजमापाला धरून होती. फक्त एक गोष्ट त्यात धरली गेली नाही. आता माझं घर बनसोड्यांच्या मनाला टेकून उभं राहणार होतं.

पायाचं काम निघण्याआधी बनसोड्यांनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं. सगळेच आखतात. बनसोडे त्यात राहायला लागले.

एका रविवारी काही विचारायला मी सरळ त्यांच्याकडे निघालो, तर ते ओरडले, "साहेब, साहेब! भिंतीतून काय यायलात? दार इकडं हाय!"

मी खाली पाहिलं. माझा एक पाय पांढऱ्या रेघेच्या आत होता. पुढच्या अंगाला साडेतीन फुटांची मोकळी जागा सोडलेली होती. मी मुकाट मागे झालो, वळसा घातला आणि त्या जागेतून आत गेलो.

"आता कसं! बसा."

मी बसलो.

"तिथं नका बसू. ती मोरी हाय."

आमच्या सौभाग्यवतींना तर त्यांनी चपला बाहेर काढायला लावल्या. उन्हानं तापलेली माती होती. त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत सगळं घर पाहून आल्या आणि मला म्हणाल्या, "शेजार बदलता येत असेल तर बघा." गवंडीकाम रज्जाक मिस्त्रींकडे होतं. त्यांनाही दारातूनच जावं लागे. ते तर दारात उभं राहून, नसलेली कडी वाजवून, "बनसोडेसाब, आत येऊ का?" असं विचारायचे. यात थट्टा होती. बनसोड्यांना ती कळत होती की नाही, ते मला कळत नव्हतं. ते मनापासून म्हणायचे, "या की."

रेघा दर आठवड्याला बदलत. स्वयंपाकघर माझ्या नोंदीप्रमाणे सात वेळा हललं. एकदा सामायिक भिंत माझ्या प्लॉटात नऊ इंच शिरली. मी दाखवून दिल्यावर ते इतके शरमले की त्यांनी ती फूटभर मागे घेतली. म्हणजे माझ्याकडे त्यांचे तीन इंच आले. ते परत घ्या म्हटलं तर म्हणाले, "असू द्या. कच्चं धरा." ते तीन इंच आज माझ्या न्हाणीघरात आहेत.

दार मात्र कधी हललं नाही. रस्त्याकडे तोंड, बरोबर मध्यावर, साडेतीन फूट.

मग त्यांचे वडील आले. गावातली विहीर आटली म्हणून बनसोडे त्यांना घेऊन आले होते. सत्तरीच्या पुढचा ताठ माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि खांद्यावरच्या पिशवीत स्वतःचा ओळंबा. सगळे त्यांना आबा म्हणत. गावोगाव भिंती रचण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते प्लॉटवर आले ते तीन खोल्या आडव्या तुडवत थेट मधल्या भिंतीच्या रेघेवर जाऊन उभे राहिले.

"ही नऊ इंची का चौदा?"

"आबा, दारातून या ना!" बनसोडे काकुळतीला आले.

"कुठाय रं दार? चुन्याची रेघ हाय की."

मिस्त्री हसले, मीही हसलो. बनसोडे हसले नाहीत. त्यांनी आबांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं, वळसा घालून त्या साडेतीन फुटांतून परत आत आणलं. आबा पोराच्या हौसेखातर आले. थोड्या वेळानं पाणी प्यायला बाहेर गेले आणि परतताना पुन्हा भिंतीतून आले.

पाया झाला, जोतं झालं. आमच्याकडे जोत्यावर आधी चौकट उभी राहते आणि तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढते. माझी चौकट उभी राहिली. पूजा झाली, गूळ-खोबरं वाटलं. बनसोड्यांची चौकट, चांगली सागाची, पोत्यात गुंडाळून कडेला पडली होती.

"मागून बसवू, मिस्त्री. तेवढी जागा सोडा. कच्चं धरा."

रज्जाक मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "काय साब! बिनचौकटीचं घर म्हणजे बिनतोंडाचा माणूस. खाणार कुठून, बोलणार कुठून?"

पण जागा सोडली. भिंती चढल्या. खिडक्या लागल्या, आतल्या खोल्यांच्या चौकटीही लागल्या. फक्त पुढच्या दाराच्या जागी भगदाड तसंच. आबा मात्र खुशीत होते. सकाळपासून आत असायचे. ओळंबा सोडून मिस्त्रींच्या चुका काढायचे, दुपारी मधल्या खोलीत भाकरी खायचे आणि तिथंच विटांवर डोकं टेकून झोपायचे. त्या वेळी बनसोडे कचेरीतून सायकलीवर यायचे, भगदाडातून आत डोकावून बापाला झोपलेलं बघायचे आणि न बोलता परत जायचे. माझ्या घड्याळाप्रमाणे येण्याजाण्यात पस्तीस मिनिटं मोडत. हेडक्लार्क म्हणून मी ते चालवून घेतलं, पण कशासाठी ते समजत नव्हतं.

इकडे दोरीवरच्या गाठी कोरड्या निघू लागल्या होत्या. विहिरीत पाच गाठी पाणी उरलं, मग चार. चौकट बसल्याशिवाय दर्शनी भागाचा गिलावा होत नव्हता, आणि मिस्त्री दोन्ही घरांचा गिलावा एकदमच करणार होते. मी बनसोड्यांना स्पष्ट सांगितलं, "तीन आठवड्यांत विहीर संपते. गिलाव्याला आणि नंतर भिंतींवर मारायला पाणी राहिलं नाही, तर तुम्हीही वर्षभर भाड्यानं राहाल आणि मीही. अडचण काय आहे?"

"विचार करायलोय, साहेब."

"चौकटीत विचार करण्यासारखं काय आहे?"

ते पेन्सिलीशी चाळा करू लागले. शेवटी म्हणाले, "आबाला विचारा."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा काही मुहूर्त असेल. मी दुपारी आबांपाशी जाऊन बसलो. एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसेना, म्हणून विचारलं, "आबा, आजवर घरं किती बांधली असतील?"

"मोजली न्हाईत, साहेब. पर आत किती घरांत गेलो ते सांगतो." त्यांनी मूठ उघडून रिकामा तळवा दाखवला. "एक बी न्हाई."

"असं कसं?" मी विचारलं.

"भिंत उठस्तवर आमीच आत. तिथंच खायचं, तिथंच पडायचं. आमच्या गावाकडं चौकट शेवटाला बसायची; ती बसली की भाईर. मग ते पूजा करायचे आन् आमी समोरच्या लिंबाखाली बसून लांबून दिलेला गूळ खायचो. त्या दिसापासनं घर त्यांचं."

"पण आबा, आता तो काळ गेला. आणि हे तर तुमच्या मुलाचं घर."

"मला कळत न्हाई व्हय? दीक्षा घेतली तवाच मन आत गेलं, साहेब. उजळ माथ्यानं गेलं. पाय तेवढे जुने हाईत. किसन हितं भाड्यानं राहतो, तिथं बी मी पायरीवरच बसतो. सून आत या म्हनती. मी हो म्हनतो. पर चौकट दिसली की पाऊलच उचलत न्हाई."

मग ते हसले आणि म्हणाले, "म्हनून किसन चौकट बसवंना. लेकरू येडं हाय."

चुन्याच्या दारातून आम्हा सगळ्यांची ये-जा का चालली होती, ते मला तेव्हा कळलं. बाप येईल तेव्हा त्याच्या पायांना दाराची सवय लागावी म्हणून बनसोडे आधीच ती वाट रुळवत होते, आणि त्यासाठी त्यांनी माझ्या बायकोचे तळपाय भाजले होते. मला माझं गावाकडचं घर आठवलं. चिरेबंदी, दोन मजली. त्याची लांबी-रुंदी मला तोंडपाठ आहे. ते कुणी बांधलं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तरीही पाण्याचा हिशोब बदलत नव्हता. मी बनसोड्यांना एवढंच म्हटलं, "विहिरीत साडेतीन गाठी." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चौकटीवरचं पोतं काढलं.

रज्जाक मिस्त्रींनी चौकट बसवली. बनसोड्यांच्या घरच्यांनी वंदना म्हटली, सगळ्यांना पेढे दिले. आबांनी चौकटीला ओळंबा लावून पाहिला, "सरळ हाय" म्हणाले, ओळंबा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि रस्त्यापलीकडे वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. पेढा तिथंच खाल्ला.

तीन दिवस ते तिथंच होते. सुनेनं विनवलं, नातवंडांनी ओढलं. आबा "येतो, येतो" म्हणायचे आणि उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबायचे. चौथ्या दिवशी बनसोडे मिस्त्रींना हळूच विचारताना मी ऐकलं, "चौकट परत काढता येती का हो? कच्चीच धरली होती मी."

"साब, हा काय दात आहे, दुखला की उपटायला?" मिस्त्री म्हणाले, पण त्या वेळी थट्टा करत नव्हते.

गिलावा सुरू झाला. आधी माझ्याकडे, मग बनसोड्यांकडे. काम उरकून मिस्त्री दुसरीकडे गेले. आता आठ दिवस भिंतींना पाणी मारायचं होतं. विहिरीत दीड गाठ पाणी होतं आणि ऊन असं की ओली भिंत तासाभरात वाळायची. दुपारची पाळी माझ्याकडे आली, कारण मी रजा टाकली होती. माझ्या भिंती भिजवून झाल्यावर मी घागर घेऊन बनसोड्यांच्या मधल्या खोलीत शिरलो आणि तांब्यानं पाणी फेकू लागलो. अर्धं भिंतीवर, अर्धं माझ्यावर.

वाळूच्या ढिगावरून आवाज आला. "साहेब, वरून! वरून सोडा!"

मी वर फेकलं. ते छताला लागलं.

"अवो, कोपऱ्यात बघा, पांढरी पडली! चिरंल ती!"

"कुठला कोपरा?"

"उजवा, उजवा! तुमचा न्हाई, भिंतीचा!"

भिंतीचा उजवा कोपरा कोणता, या प्रश्नानं मी पुरता गोंधळलो. गोल फिरलो, घागरीला पाय लागला आणि ती कलंडली. शेवटचं पाणी जमिनीवर वाहू लागलं.

"आरं द्येवा! पानी सांडलं की वो! द्या हिकडं! असं मारत्यात का पानी? जनू भांडन हाय भिंतीशी!"

मी घागर उचलली, तोच ती माझ्या हातातून कुणीतरी हिसकावून घेतली. आबा माझ्या शेजारी उभे होते. उरलेलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि कोपऱ्याला वरपासून असं सोडलं की एक थेंब खाली पडला नाही. मग ओला तळहात भिंतीवरून फिरवत राहिले.

मी बाहेर आलो. दाराशी सायकल आडवी पडली होती. बनसोडे चौकटीला धरून उभे होते. मी तोंड उघडताच त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"बोलू नका, साहेब," ते कुजबुजले. "त्यांच्या अजून ध्यानात न्हाई आलं."

आम्ही दोघं तसेच बाहेर उभे राहिलो. आत तळहात भिंतीवर फिरल्याचा आवाज येत होता.

मग तो थांबला. बनसोड्यांची पकड इतकी आवळली की मनगट दुखायला लागलं.

"किसन," आतून आबा म्हणाले. "भाईर काय हुबा हाईस? ये की आत."

बनसोड्यांनी माझा हात सोडला. चपला काढल्या, आणि उंबरा ओलांडून आत गेले.

मी दोरी घेऊन विहिरीकडे निघालो. त्या दिवशी पाणी किती उतरलं होतं, याची माझ्या वहीत नोंद नाही.