गुरप्पांच्या संशयातून सुटलेला माणूस

दुकानातून साखर आली तरी आमच्या गल्लीतले गुरप्पा आधी पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तळची चिमूट चाखतात. आळंदच्या अडतीत त्यांनी चाळीस वर्षं तूर पाहिली. वर चांगली तूर आणि तळाला खडे, हे इतक्यांदा पाहिलं की त्यांना माणसंही तशीच वाटतात. कुणी हात जोडले की विचारतात, "कामून नमस्कार करायलाव? काय काम हाय?" त्यांचा दूधवाल्यावर संशय, कंडक्टरवर संशय, एकदा तर कॅलेंडरवर. "एकादशी दोनदा छापलीय. ह्याचं भगरीचं दुकान असंल."

त्यांची लेक महादेवी सोलापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा वारल्यावर तिनं पाच वर्षांच्या अंबूला वडिलांकडं ठेवलं. जूनमध्ये नेणार होती, पण रात्रपाळी असली की अंबूला तिथल्या खोलीत एकटीनं झोपावं लागणार होतं. भिंतीपलीकडं घरमालकीण, तेवढीच सोबत. इकडं अंबू आज्जाचं धोतर मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नव्हती.

"मी झोपले की तू जाशील."

"संशयी आज्जाची संशयी नात," गल्ली म्हणाली. मीही हसलो.

खरं ते आता लिहून टाकतो. महादेवी पहिल्यांदा निघाली तेव्हा "पोरगी झोपलीय तवर जा, उगं रडारड नको," असं तिला मीच सांगितलं होतं. अंबू उठली तेव्हा आई नव्हती.

हा सल्ला कुणाचा, याचा गुरप्पांनी फार तपास केला. रिक्षावाल्याला धरलं, समोरच्या अक्काशी भांडले. महादेवीनं नाव सांगितलं नाही. मला त्यांनी विचारलंच नाही.

मग त्यांनी इलाज काढला. अडतीत पोतं शिवलं की सुतळीला आपली खास गाठ मारतात. सकाळी ती तशीच दिसली, तर पोतं कुणी उघडलेलं नाही. ती गाठ त्यांनी नातीला शिकवली. रोज झोपताना अंबू बाहेरच्या दाराच्या कडीला आतून सुतळी बांधायची आणि उठल्या उठल्या तपासायची. आज्जा घरातच! त्यांची बाज आधी तिच्याजवळ, मग उंबऱ्यात, मग बाहेरच्या खोलीत गेली.

पंचाईत एकच, संडास परसात आणि घराला दार तेवढं एकच. गुरप्पांनी दुपारी चारनंतर पाणी पिणंच बंद केलं.

"अहो, गाठ तुमचीच," मी म्हटलं. "रात्री सोडा, परत बांधा. तिला काय कळतंय?"

"तिला न्हाई कळायचं. मला कळंल की, अण्णा."

दोन महिन्यांनी अंबू एकटी झोपू लागली.

जूनमध्ये महादेवी न्यायला आली. रिक्षा दारात आली तेव्हा अंबू दुपारची झोपली होती. मी पिशव्या उचलू लागलो.

"अप्पा, तशीच उचलून नेते," महादेवी म्हणाली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीचा बंद नीट करत राहिलो.

"उठव तिला," गुरप्पा म्हणाले. "रडंल, रडू दे. पण बघून जाऊ दे."

अंबू उठली, आज्जाच्या गळ्यात पडली आणि अशी रडली, की सोलापूरची एक गाडी गेली. दुसऱ्या गाडीपर्यंत गुरप्पा तिला तेच तेच सांगत होते, "मी हितंच हाय. कवाबी ये."

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. मान खाली.

"अण्णा, आज आमच्याकडं झोपता का? घर खायला उठलंय. दुसऱ्या कुणाला म्हणावं तर भरोसा न्हाई."

वळकटी काखेत मारून मी गेलो. शेजारी आडवा झालो. तेव्हाही बोललो नाही, म्हणून हे लिहिलंय. पहिल्यांदा वाचायला त्यांनाच देणार आहे.