रॅमची सोयरीक

कॉम्प्युटरच्या रॅमसाठी स्थळं पाहणारा माणूस आमच्या सिंदी रेल्वे गावात एकच आहे आणि तो माझा शेजारी आहे.

वासुदेवकाकाजी कारकुनीतून निवृत्त झाले आणि गावातल्या सोयरिकी जुळवायला लागले. मुलामुलींचे बायोडेटा घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर असतात. काकाजी सांगायचे, काकू टाइप करायच्या. गेल्या वर्षी काकू गेल्या. "पह्यले जुळते का थे पाहा, मंग बोला," हे काकाजींचं पालुपद. मेथी आणि वांगी एका पिशवीत टाकतानाही ते भाजीवालीला हेच ऐकवतात.

या उन्हाळ्यात डेस्कटॉप आपोआप बंद पडायला लागला. मी उघडून पाहिलं तर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक निकामी झाली होती. ती काढली आणि कॉम्प्युटर रेंगाळत का होईना, चालू लागला. माझ्या लेखी विषय संपला. काकाजींच्या लेखी आतली एक जागा रिकामी होती.

मग आमच्या पॅसेंजरनं वर्ध्याला खेपा सुरू झाल्या. उरलेली चांगली पट्टी रुमालात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवून काकाजी दाखवायला न्यायचे. दुकानदार पंकज अतिशय सोशिक माणूस. त्यानं दाखवलेल्या पहिल्या पट्टीची खाच भलतीकडेच होती. दुसरी लॅपटॉपची निघाली, म्हणजे उंचीत कमी. तिसरी हुबेहूब जुळणारी, त्याच कंपनीची. मला हायसं वाटलं. काकाजींनी ती परत सरकवली.

"एकाच कुळातली हाये. भाऊकीत सोयरीक नाई करत आपण."

रॅममध्ये उलट तेच उत्तम असतं, हे पंकजनं परोपरीनं सांगितलं. तुमच्या धंद्यात चालत असेल, असं काकाजी म्हणाले. पुढच्या खेपेला त्यानं वापरलेली पट्टी काढली. "बिजवर हाये," काकाजी म्हणाले. "पह्यलं घर काऊन सुटलं, चौकशी केली काय?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. एका पट्टीवर कॉम्प्युटर चालतोय ना, मग सोडा आता हा नाद, असं मी जरा फटकळपणेच बोललो.

"चालते ना, मास्तर," काकाजी शांतपणे म्हणाले. "मीबी चालूनच राह्यलो."

पंकजनं वरच्या फळीवरून आणखी एक पट्टी काढली. जात तीच, खाच तीच, वीजही तेवढीच लागणारी, कंपनी वेगळी. फक्त वेग जास्त. मग या दोघी एकत्र कशा चालतील, काकाजींनी विचारलं.

"जे तेज असते थे आपली चाल कमी करते, काकाजी. हळू असंल तिच्या चालीनं चालते."

काकाजींनी ती पट्टी डब्यातल्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली.

"तुमची काकू अशीच होती," ते मला म्हणाले. "पायाची लय तेज. जलमभर माह्या चालीनं चालली, पण कधी बोलून नाई दाखवलं." मग पंकजकडे वळून म्हणाले, "हे जुळते. द्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी आधी बाहेर पडलो आणि सवयीप्रमाणे स्टेशनच्या दिशेनं भराभरा निघालो. गाडीची वेळ झाली होती. बऱ्याच अंतरावर जाऊन मागे पाहिलं, तर काकाजी डबा छातीशी धरून सावकाश येत होते.

मी थांबलो. ते आले, तेव्हा त्यांच्या चालीनं चालू लागलो. ती गाडी आमची चुकली.