बटाट्यांमधला हिमालय

अच्युतराव झाडगावकरांनी पिसांचं जाकीट विकत घेतलं, तेव्हा भिलाईत पारा चव्वेचाळीसवर होता. सिविक सेंटरच्या दुकानदारानं ते माळ्यावरून काढलं, झटकलं आणि अच्युतरावांकडे काळजीनं पाहत विचारलं, "साहब, तबियत तो ठीक है ना?"

तबियत ठणठणीत होती. अच्युतराव हिमाचलला निघाले होते.

त्याचं असं झालं, की बंगळुरूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, ईरानं, जूनमध्ये आईबाबांना पहाड दाखवायचं ठरवलं. त्यातला एक दिवस खास होता. पहाटे निघायचं, देवदारांचं जंगल मागं टाकायचं, झाडं उगवायची थांबतात त्याच्याही वर चढायचं आणि बर्फाच्या पाण्यानं भरलेली दोन तळी पाहून संध्याकाळी परत यायचं. ईरानं तळ्यांचा फोटो पाठवला. गीताबाई तो पाहत राहिल्या आणि तव्यावरची पोळी करपली. उभ्या संसारात गीताबाईंची पोळी करपल्याचं अच्युतरावांना आठवत नव्हतं.

"किती निळं पाणी आहे हो," त्या म्हणाल्या. "मले तिथं जायचं आहे."

गीताबाई सहसा काही मागत नसत. त्यामुळे अच्युतराव एकदम जबाबदार झाले. ते पोलाद कारखान्याच्या प्लॅनिंग सेक्शनमध्ये होते आणि प्लॅन केल्याशिवाय ते केससुद्धा कापून घेत नसत. (कापण्यासारखे फार उरले नव्हते, तो भाग वेगळा.)

"बाबा, ट्रेक मॉडरेट आहे हां," ईरा फोनवर म्हणाली. "तुम्ही दोघं रोज चालायला जा."

"मॉडरेट म्हणजे मध्यम ना? मग ठीक आहे. मी मध्यमच आहो."

"बाबा, वो ट्रेक के बारे में है, तुमच्याबद्दल नाही!"

अच्युतरावांनी प्लॅन केला. त्यात ते स्वतः लीडर होते, ईरा मदतनीस होती आणि गीताबाई हॉटेलात होत्या. कारण गुडघे. (गीताबाईंचे गुडघे कधी दुखले नव्हते, पण त्यांच्याच वयाच्या शेजारणीचे दुखत, आणि प्लॅनिंगमध्ये सरासरी धरावी लागते.) तो ईराला कळवला, पण हे बायकोला सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली.

"गीता, तुझी एक टेस्ट घेऊ. थंडीत चढून दाखव. पास झाली तर तळ्यावर."

"आणि तुमची टेस्ट?"

"मी टेस्ट घेणारा आहो."

आता भिलाईत डोंगर नाही आणि मे महिन्यात थंडी तर नाहीच नाही. तरी अच्युतरावांना दोन्ही एकाच ठिकाणी सापडलं. त्यांचा जुना दोस्त तेजराम साहू याचं भिलाईजवळच्या कुम्हारीला बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. त्यांनी फोन लावला.

"तेजराम, संडे को तेरे कोल्ड स्टोरेज में थोड़ी जगह मिलेगी?"

"मिलेगी भैया. माल क्या है?"

"मैं और गीता."

पलीकडे रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. मग तेजराम हळूच म्हणाला, "भैया, घर में कुछ हुआ है क्या? कमला को भेजूँ, भाभी से बात कर लेगी?"

कमला म्हणजे तेजरामची बायको. तिला न पाठवता त्याची समजूत घालण्यात अच्युतरावांची संध्याकाळ गेली.

रविवारी जाकीट काही केल्या पिशवीत मावेना. तेव्हा अच्युतरावांनी ते अंगात घातलं, कानटोपी चढवली आणि स्कूटरला किक मारली. मागं गीताबाई साध्या साडीत, पायात कापडी बूट, मांडीवर शाल. सुपेल्याच्या सिग्नलला ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून आदरानं विचारलं, "अंकल, किस कंपनी का प्रचार है?"

कुम्हारीला पोचेपर्यंत अच्युतराव आतून पुरते भिजले होते. तिथं कमलाही आली होती. तेजरामनं जाड दार ओढलं. आत थंडगार अंधूक उजेड, ओल्या मातीचा वास, पंख्यांची घरघर आणि थेट छतापर्यंत रचलेली बटाट्यांची पोती. पोत्यांमधून अरुंद लाकडी जिने मजल्यामागून मजले वर गेले होते.

"हा आपला बेस कॅम्प," अच्युतराव म्हणाले. "माझ्या मागं मागं ये. श्वास लागला तर लाजू नको, सांग."

पहिला मजला त्यांनी पुढं राहून चढला. दुसऱ्यावर ते बरोबरीनं होते. तिसऱ्यावर ते मागं होते, कारण लीडरनं मागं राहून लक्ष ठेवायचं असतं. गीताबाई मात्र घरातल्यासारख्या चढत होत्या. त्यांचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजी, दळण आणि गच्चीवरच्या कुरडया, सगळं त्यांच्याच पायांनी वरखाली व्हायचं. अच्युतराव कोपऱ्यावर दूध आणायलाही स्कूटर काढत.

त्या वर पोचल्या, छताला हात लावला आणि उतरताना नवऱ्याला अर्ध्या जिन्यात भेटल्या.

"तुम्ही या आरामात. मी कमलाजवळ बसते."

अच्युतराव कसेबसे वर पोचले. चष्म्यावर धुकं बसलं होतं, घाम पाठीवर बर्फासारखा गार झाला होता. ते एका पोत्यावर टेकले. तेवढ्यात दिवे गेले आणि खाली धाडकन दार लागलं. बाई बाहेर आल्या म्हणजे टेस्ट संपली, असं समजून कुणीतरी दिवे आणि दार बंद केलं होतं.

त्यांनी हाका मारल्या. पंख्यांनी त्या गिळल्या. मग त्यांना आठवलं, जाकिटाच्या चेनीला एक शिटी होती. पहाडात संकटात सापडलं की वाजवायची. त्यांनी सगळा जीव एकवटून ती वाजवली.

बाहेर हमालांचा मुकादम टिकाराम यानं ती ऐकली. तिथं शिटी म्हणजे चहाची सुट्टी. "चलो रे, चाय!" त्यानं पुकारलं आणि सगळी माणसं टपरीकडे निघाली. अच्युतरावांनी पुन्हा वाजवली, तेव्हा मागं रेंगाळलेले दोघंही गेले.

अंधारात दात वाजू लागले. बाकी काही सुचेना, तेव्हा अच्युतरावांना तो निळा फोटो आठवला आणि त्याकडे पाहणारी गीता आठवली. हिला आपण हॉटेलात बसवून वरून व्हिडिओ आणणार होतो. बटाट्यांमध्ये बसून त्यांना फार लाज वाटली.

मग जिन्यावर मोबाइलचा उजेड हलला.

"अहो, शिटी कावून वाजवून राहिले? सगळे चहा प्यायला गेले ना!"

"गीता, तो संकटाचा सिग्नल होता."

"बरं. उठा. तोंड जिन्याकडे करा आणि उलटे उतरा." त्यांनी शाल नवऱ्याच्या गळ्यात गुंडाळली, खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांचा एकेक पाय हातानं धरून पायरीवर ठेवू लागल्या. "खाली पाहू नका. मी आहे."

बाहेरचं ऊन अच्युतरावांना त्या दिवशी पहिल्यांदा आवडलं. चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर ते म्हणाले, "गीता, तू पास. मी प्लॅनमध्ये तुले हॉटेलात ठेवलं होतं."

"माहीत आहे," गीताबाई म्हणाल्या. "ईरानं सांगितलं होतं. म्हणून तर आली मी."

"आता मीच हॉटेलात थांबतो."

"काही नको! मी एकटी पाहून काय करू? घरी येऊन सांगायला पुन्हा तुम्हीच."

रात्री फोनवर ईरानं तोडगा काढला: आई पायी, बाबा खेचरावर. अच्युतरावांनी आधी नाक मुरडलं, मग गुपचूप हिमाचलमधल्या खेचरवाल्याला फोन लावून सगळं ठरवलं. शेवटी त्यानं नम्रपणे वजन विचारलं. अच्युतरावांनी स्वयंपाकघराकडे पाठ करून, हळू आवाजात आणि थोडं कमी करूनच सांगितलं.

पलीकडे तो कुणाशी तरी बराच वेळ पहाडी बोलीत बोलला. मग म्हणाला, "हो जाएगा अंकल जी, फिकर मत करो. खच्चर को हफ़्ताभर पहले से आराम दे देंगे."