पाटावरचं रिव्हॉल्व्हर

दिलीप सुर्व्यांनी ते गंजकं रिव्हॉल्व्हर चक्क स्वयंपाकघरातल्या सांडशीने उचललं आणि कॅनडातल्या केंब्रिजमधल्या त्या शांत घरात भांडणाला तोंड फुटलं.

"अहो, माझी सांडशी!" शोभाताई कडाडल्या. "उद्या दसरा. बासुंदीचं पातेलं कशाने उतरवू?"

"मग हाताने धरू? ग्रेगरी म्हणाला, आत गोळी असू शकते."

झालं होतं असं, की शेजारची लॉरा घर विकून कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती. जाताना मेलेल्या नवऱ्याचा टूलबॉक्स दिलीपरावांना देऊन गेली. पान्यांच्या तळाशी, तेलकट फडक्यात हे प्रकरण निघालं. दिलीपरावांनी लगेच ग्रेगरी तुस्कानोला फोन लावला. ग्रेगरी मूळचा वसईचा, आता एटोबिकोचा, आणि जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांपायी ठार वेडा झालेला.

"अठराशे अठ्ठ्याण्णवच्या आधीचं निघालं तर अँटिक. खुशाल शोकेसमध्ये ठेव," ग्रेगरी म्हणाला होता. "नंतरचं निघालं तर पोलिसांना फोन कर, ते घेऊन जातील. मी रविवारी येऊन बघतो. तोवर घासू नको, पुसू नको, हात लावू नको!"

'हात लावू नको' हे दिलीपरावांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांचे वडील, अप्पा, बेळगावला पलटणीत सुभेदार. दसऱ्याला शस्त्रपूजेत अप्पांच्या रिव्हॉल्व्हरला कुंकू लागायचं आणि छोट्या दिलीपचा हात पुढे जायचा. "हात लावायचा नाही," अप्पा म्हणायचे. "मोठा झालास की!" दिलीप मोठा झाला, इंजिनियर झाला, कॅनडात आला, मोटारींच्या कारखान्यातून रिटायरही झाला. अप्पा गेले तेव्हा हा बर्फाच्या वादळात विमानतळावर अडकलेला. हात लावायचा राहिला तो राहिलाच. आता या माणसाला एवढंच हवं होतं, की हे रिव्हॉल्व्हर अप्पांच्यासारखं निघावं आणि ते आपल्याकडेच राहावं. फार मागणं होतं का हो?

दसऱ्याच्या सकाळी ते फुलं घेऊन परतले, तर रिव्हॉल्व्हर पाटावर लखलखत होतं. हळदकुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत.

"अगं, हे काय केलंस?"

"चिंच लावून घासलं. तांब्याला लावते तशीच. गंजकं शस्त्र पुजतात का? अप्पांना काय वाटलं असतं?"

"आणि गोळी?"

"भोकं रिकामी होती. कानाची काडी घालून बघितली मी."

दिलीपराव पाटाशी वाकले. मग त्यांना लोखंडावरचे आकडे दिसले. कालपर्यंत गंजाखाली होते, आज स्वच्छ वाचता येत होते. त्यांनी फोटो काढून ग्रेगरीला पाठवला. फोन लगेच वाजला.

"दिलीप, चौकोनी मूठ, वर एकोणीसशे सतरा. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली आहे हे! पुढे आपल्या पलटणींतही हीच होती. तुझ्या अप्पांकडे बहुतेक हेच असणार."

"हेच?" दिलीपरावांनी पाटावरच्या चौकोनी मुठीकडे पाहिलं.

"हेच. म्हणूनच ते अँटिक नाही."

"अरे, वीसेक वर्षांनीच हुकलंय! इतिहासात वीस वर्षं म्हणजे काय रे? थोडं जुनं सांगता येणार नाही?"

"मला काय सांगतोस? कायद्याला सांग!"

पोलिसांना फोन करायला दिलीपरावांचा हात काही धजेना. पण त्यांना ते कष्ट पडलेच नाहीत. शोभाताईंनी पूजेचा फोटो 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' म्हणून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता आणि तो ग्वेल्फला राहणाऱ्या मुलीने पाहिला होता.

"बाबा, देअर इज अ गन इन युअर देवघर!" गौरांगी फोनवर किंचाळली. "आय कॉल्ड द पोलीस!"

पोलीस आला. साडेसहा फूट उंच.

"शूज, प्लीज. पूजा," शोभाताईंनी बजावलं. बिचारा मोज्यांवर आत आला. शोभाताईंनी सोनं म्हणून त्याच्या हातावर अंगणातलं मेपलचं पान ठेवलं, ते त्याने गोंधळून खिशात घातलं. मग हातमोजे चढवले आणि पिशवी उघडली.

"ऑफिसर," दिलीपराव पुढे झाले, "फक्त एकदा हातात घेऊ?"

"सॉरी, सर. प्लीज डोंट टच इट."

गाडी निघून गेली. पाटावर अक्षतांच्या मधोमध रिव्हॉल्व्हरच्या आकाराची मोकळी जागा उरली होती, मुठीकडची बाजू चांगली चौकोनी. दिलीपरावांनी हात पुढे केला आणि सवयीने मागे घेतला.

शोभाताई बघत होत्या.

"लावा," त्या हळूच म्हणाल्या. "मोठे झालात आता."