कतरनकाकांचा स्टुडिओ

कतरनकाकांना कुणी काही भेट दिली, की ते आतली वस्तू परत करायचे आणि वरचा कागद ठेवून घ्यायचे. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा आईने त्यांच्याकडे पेढ्यांचा डबा पाठवला होता. काकांनी कोपऱ्यातली परात ओढली, पेढे तिच्यात ओतले, परात माझ्या हातात दिली आणि रिकामा डबा खिडकीच्या उजेडात धरला. "काय घडी मारली आहे या मिठाईवाल्या भिया लोकांनी," ते म्हणाले. "ना गोंद, ना टाका, नुसता खाचेत अडकवलाय. आईला सांग, डबा पोचला."

पेढे जसेच्या तसे परत आलेले पाहून आई घाबरली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. आम्हाला परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीत राहायला येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

त्यांचं नाव सदाशिव मुळे. पण कतरन म्हणजे कापून उरलेले तुकडे, आणि ते गोळा करण्यात काकांचा दिवस जायचा, म्हणून अख्खी गल्ली त्यांना कतरनकाका म्हणायची. शांताकाकू आमच्या येण्याआधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. देवासला एक भाऊ आहे एवढं आम्ही ऐकून होतो, पण तो कधी आलेला पाहिला नाही आणि काका कधी तिकडे गेले नाहीत. वरची खोली भाड्याने दिलेली होती, खाली ते आणि त्यांचा कागद.

काका सव्वीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. कापडाचं थान, म्हणजे अख्खा तागा, घडी होऊन आलं की त्यावर मिलचं रंगीत लेबल चिकटवायचं, हे त्यांचं काम. लेबलावर सोनेरी शाईत हत्ती छापलेला असायचा. हत्तीचे पाय थानाच्या काठाला समांतर आलेच पाहिजेत, अशी त्यांची शिस्त होती. ते म्हणायचे, "विणणारे पुष्कळ होते, बेटा. पण माझं लेबल लागेपर्यंत ते कापड नव्हतं, नुसतं फडकं होतं." हे ते विणकरांच्या तोंडावरही म्हणायचे, आणि त्यावरून दोन वेळा मारामारी होता होता राहिली होती.

मग, आम्ही यायच्या आधीच, एके सकाळी गेटला कुलूप लागलं. भोंगा वाजेना. त्या भोंग्यावर आमच्या भागातली घड्याळं लागायची, दूध तापायचं, पोरं शाळेला निघायची. कितीतरी महिने लोक पाळीच्या वेळेला गेटसमोर जाऊन उभे राहत, विड्या ओढत, आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी परतत. काका दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकीदाराकडून उरलेल्या लेबलांचा एक गठ्ठा मागून आणला, पुढच्या खोलीतली कॉट मागे हलवली आणि दारावर पाटी लावली. पाटीवर लिहिलं होतं: "स्टुडिओ. चपला बाहेर. पंखा लागणार नाही."

पंखा खरोखरच लागायचा नाही. मे महिन्यात नाही, कुणाला चक्कर आली तरी नाही. जमिनीवर, कॉटवर, खिडकीत सगळीकडे कापलेले कागद रंगांप्रमाणे मांडलेले असत. हसायचं असेल तर बेताने, आणि शिंक आली तर ओट्यावर जाऊन, हेही नियम होते, फक्त ते पाटीवर मावले नव्हते. खळ ते स्वतः मैद्याची शिजवत आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. एकदा वरच्या भाडेकरू बाईने वाटीतली ती निळसर खळ चटणी समजून पोळीला लावली होती. बोटाने चाखून तिने तोंड वाकडं केलं आणि लगेच थुंकली, म्हणून निभावलं. तेव्हापासून वाटीवर कवटीचं चित्र चिकटवलेलं होतं, तेही अगदी समांतर.

या स्टुडिओत काका चिकटवह्या बनवत. बारशाच्या, लग्नाच्या, निवृत्तीच्या. फोटो, पत्रिका, सिनेमाची तिकिटं, रेल्वेचा पास, मुलाच्या पहिल्या प्रगतिपुस्तकाची पानं, जे असेल ते. भोवती कागदाची फुलं, जाळ्या, उघडणाऱ्या खिडक्या. सामानासाठी ते बाजारात जात नसत. त्याच सुमाराला दुकानांत नवनवे साबण, चॉकलेटं, बिस्किटं येऊ लागली होती आणि त्यांची चकचकीत वेष्टनं रस्त्यात पडलेली असत. सरकारच्या नव्या आर्थिक धोरणाला नाक्यावरच्या पानाच्या टपरीवर सगळे शिव्या घालत. मिल उघडा म्हणून जो अर्ज गेला, त्यावर काकांचीही सही होती. पण बोलणं एका जागी थांबलं की ते हळूच म्हणत, "मिल गेली ते वाईटच झालं. पण कागद चांगला आला, हे पण बोलायला पाहिजे ना." यावर त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. एवढ्या प्रामाणिक माणसाशी वाद कसा घालायचा, हेच कळायचं नाही.

त्यांची अट एकच. वस्तूमागची हकीकत सांगितल्याशिवाय ते ती चिकटवायचे नाहीत. कुणी घाईघाईने पिशवी ठेवून निघालं, तर पिशवी तशीच पडून राहायची. "कागदाला घाई चालत नाही," ते म्हणायचे. "बसा. हा फोटो कुठला? ही कोण? ही का हसत नाही?" त्यामुळे अर्ध्या परदेशीपुऱ्याची गुपितं त्यांना ठाऊक होती, आणि ती कुणालाही सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

त्या वर्षी आमच्या शेजारच्या रावेरकरांच्या धाकट्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं. रावेरकर रेल्वेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी चालताना असं वाटायचं, की मागे डबे जोडलेले आहेत. सासरच्या लोकांना दाखवायला मुलीची लहानपणापासूनची चिकटवही करावी, असं त्यांच्या बायकोच्या मनात आलं. शाळेतून आल्यावर मी काकांकडे जाळ्या कापायला बसायची, म्हणून त्या दिवशी मी तिथेच होते. रावेरकर बुटांचं खोकं घेऊन आले, पाटीकडे पाहून नाइलाजाने चपला काढल्या आणि फोटो जमिनीवर मांडले.

"ही वैशाली," ते म्हणाले. "आणि ही नको. जिथे जिथे असेल तिथून कापून काढा."

ही म्हणजे मोठी मुलगी, सुनंदा. तिने दोन वर्षांपूर्वी सांवेर रोडच्या एका कारखान्यातल्या चौहान नावाच्या मुलाशी लग्न केलं होतं. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. सुनंदाची आई चोरून तिला भेटते, हे गल्लीत फक्त रावेरकरांना माहीत नव्हतं. पण लहानपणी दोघी बहिणी सारख्या एकत्र असायच्या, त्यामुळे आठ फोटोंत सुनंदा होतीच.

काकांनी हकीकत विचारली नाही. तसं त्यांनी केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "रावेरकरजी, माझी कात्री चेहऱ्यावर चालत नाही. पण दिसणार नाही असं करून देतो. चालेल?"

"दिसली नाही म्हणजे झालं," रावेरकर म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

पुढचे पंधरा दिवस काका त्या आठ फोटोंवर बसले. मांडवच्या किल्ल्यावरच्या सहलीच्या फोटोत सुनंदाच्या चेहऱ्यावर त्यांनी निळ्या चंदेरी कागदाची छत्री लावली. झोपाळ्यावरच्या फोटोत एक फुलपाखरू आलं, चॉकलेटच्या कागदाचं. सगळ्यात अवघड फोटो होता तो सुनंदाच्या मांडीवर तान्ही वैशाली असलेला. मोठीला झाकलं की बाळ हवेत तरंगायला लागायचं. दोन दिवस काका जेवतानाही त्या फोटोकडेच बघत होते. शेवटी त्यांनी एक मोठं सूर्यफूल केलं आणि बाळ त्या फुलात बसलं. मी जवळून पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यातलं काहीच पक्कं चिकटवलेलं नाही. प्रत्येकाला एका बाजूने मलमलीच्या बारीक पट्टीची बिजागरी होती. छत्री उचलली की खाली सुनंदा होती, पंखांखाली सुनंदा होती.

मी घाबरले. रावेरकरांना कळलं तर, असं मी विचारलं. काका म्हणाले, की दिसणार नाही एवढंच ठरलंय, आणि दिसत तर नाही.

लग्न मिलच्या जुन्या मैदानाजवळच्या धर्मशाळेत झालं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि आहेर उघडायच्या जागेपासून हलत नव्हते. जेवणं झाल्यावर चिकटवही वरपक्षाच्या बायकांत फिरली. सगळ्यांनी वाहवा केली. फिरत फिरत ती नवऱ्यामुलाच्या आजीकडे गेली. आजींना नीट दिसत नव्हतं, त्या प्रत्येक पान बोटांनी चाचपत होत्या. सूर्यफुलाच्या पाकळीखाली त्यांचं बोट अडकलं आणि फूल उघडलं.

आजींनी वही डोळ्यांजवळ नेली. "ही कोण गं बाई?" त्यांनी विचारलं. "किती सांभाळून धरलंय बाळाला."

वैशालीने मान खाली घातली. तिच्या आईने तोंडाला पदर लावला. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी रावेरकरांकडे पाहिलं. ते दोन पावलांवर उभे होते, त्यांनी ते पान पाहिलं होतं. काका मात्र हातातल्या आहेराच्या कागदाची घडी घालत राहिले, पण ती घडी वाकडी आली.

"मोठी आहे," रावेरकर म्हणाले.

आजींनी विचारलं, की मग लग्नात दिसली कशी नाही. रावेरकर बाहेर गेले आणि पाठवणीपर्यंत मांडवाच्या खांबाशी एकटेच उभे राहिले.

चौथ्या दिवशी ते स्टुडिओत आले. या खेपेला चपला न काढताच आत आले आणि कागदांच्या मधोमध उभे राहिले.

"तुम्ही म्हणालात, दिसणार नाही."

"दिसत नव्हती," काका म्हणाले. "उघडली म्हणून दिसली."

रावेरकर तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे सगळा कागद पायाखाली तुडवणार. पण ते हळूच खाली बसले, पायातल्या चपला काढून हातात धरल्या आणि सांगू लागले, की तो सूर्यफुलाचा फोटो त्यांनीच काढला होता, कुणा साहेबाचा कॅमेरा एका दिवसासाठी मागून. वैशालीला तेव्हा ताप होता, आई दवाखान्यात औषध आणायला गेली होती, आणि सहा वर्षांची सुनंदा बाळाला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. पाय आखडले तरी नाही. काका मान डोलावत ऐकत होते. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर आले तेव्हा रावेरकर गेले होते.

त्यानंतर महिन्याभराने संक्रांत आली. त्या दिवशी दुपारी एक स्कूटर रावेरकरांच्या दारात थांबली. चौहान पुढे बसलेला, मागे सुनंदा, मांडीवर एक लहानगं बाळ. चौहान बराच वेळ स्कूटरला कुलूपच लावत बसला होता. मग रावेरकर स्वतः बाहेर आले, त्याला म्हणाले की इथे गाडी कुणी नेत नाही, आत या, आणि बाळाला उचलून घेऊन घरात गेले. गल्लीतल्या सगळ्या बायका त्या वेळी नेमक्या ओट्यावर तीळ निवडत होत्या.

मी तिळगूळ घेऊन काकांकडे धावले. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि ते नुसते हसले. तिळगुळाचा कागद त्यांनी या खेपेला पाहिलाही नाही. मग मी त्यांना विचारलं, की रावेरकर इतकं म्हणत होते, तरी चेहरा कापायचा नाही हे त्यांनी एवढं का धरून ठेवलं.

"देवासला माझ्या भावाकडे बैठकीत एक मोठा फोटो आहे," ते म्हणाले. "वडील, आई आणि आम्ही तिघं भाऊ. मी शांताशी लग्न केलं. ती मिलमध्ये कामाला, आधीची विधवा, वरून आपल्यातली नाही. वडिलांनी मला त्या फोटोतून कापलं."

खळ कशी शिजवायची हे सांगावं, तशा आवाजात ते सांगत होते. आई गेली तेव्हा ते एकदाच तिथे गेले होते. तेराव्याचं जेवण होतं. त्यांचं पान त्या फोटोसमोरच मांडलं होतं. त्यांच्या जागी मागचा पुठ्ठा दिसत होता. जेवले आणि आले.

"काम साफ केलंय," काका म्हणाले. "वडिलांचा हात सरळ होता, कडेला कुठेच फाटलेलं नाही. फक्त फोटो काढताना माझा हात आईच्या खांद्यावर होता, बेटा. तो काढायचा तर आईचा पदर कापावा लागला असता. म्हणून तेवढा सोडला."

त्यांनी कात्री पुन्हा उचलली.

"चार बोटं दिसतात," ते म्हणाले. "घरी येऊन शांताला सांगितलं. ती म्हणाली, चला, आईंना तेवढा तरी आधार राहिला."