लाल फाईल, निळी फाईल

सासरेबुवांचे औषधपाण्याचे कागद मी सांभाळायचे, असं मीच ठरवलं. (बायको नको म्हणाली होती. आधीच सांगून टाकतो, नाहीतर ती सांगेलच.) रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन डॉक्टरांचे कागद काय जड! फॅमिली डॉक्टरांची लाल फाईल, हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांची निळी. एकीतला कागद दुसरीत जाता कामा नये, हा आमच्या ऑफिसचा दंडक.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीची औषधं कोणती?"

"ती लाल फायलीत आहेत."

"मग दाखवा की."

"ती घरी आहे. आज निळीचा दिवस!"

"फॅमिली डॉक्टरांनी माझ्यासाठी चिठ्ठी दिली असेल ना?"

"दिलीय ना! पण त्यांची, म्हणून लालमध्येच लावली."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. (मला वाटलं, भारावले.) त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहिली आणि वेगळ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सुरू करण्याआधी जुन्या औषधांची नावं फोनवर कळवा.' तो कागद मी घरी येताच निळ्या फायलीत नीट लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवा खुर्चीतून उठले आणि सरळ जमिनीवर कोसळले. चेहरा पांढराफटक. बायको किंचाळली. माझ्या हातून दोन्ही फायली सुटल्या आणि लाल-निळे कागद एकमेकांत मिसळले.

फॅमिली डॉक्टर धावत आले. रक्तदाब बघून त्यांनी गोळ्यांची दोन पाकिटं शेजारी शेजारी धरली.

"अहो, कंपन्या वेगळ्या, औषध एकच! दोन्ही देत होतात?"

"अगदी घड्याळ लावून," मी म्हणालो, आणि मग काय बोललो ते मलाच कळलं. तीन दिवस मी या माणसाला दुप्पट गोळ्या चारत होतो!

"बाबांना काही झालं असतं तर ते कुठल्या फायलीत लावलं असतंस?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांत एक गोळी बंद झाली. संध्याकाळी सासरेबुवा उठून बसले, तेव्हा कुठे मी जमिनीवरचे कागद गोळा केले.

मग फॅमिली डॉक्टरांनी दोन्ही डॉक्टरांच्या औषधांचा मिळून एकच तक्ता केला. मी सवयीने तपासला. एक रकाना रिकामा होता, 'कशाची ॲलर्जी?' मी तक्ता सासरेबुवांपुढे धरला. त्यांनी लिहिलं, 'जावई.'

मला वाटलं, डॉक्टर खोडतील. त्यांनी खाली सही केली.